केरसुणी घे

इचलकरंजीला मामाच्या माडीवर बसलं की खालच्या गल्लीतून मागांचा आवाज यायचा. तो इतका अखंड असायचा की ऐकूच यायचा नाही. थांबला की मात्र दचकायला व्हायचं. माग थांबले म्हणजे वीज गेली, आणि वीज गेली म्हणजे आमचा सफाई कामगार त्याच्या जहाजासकट काळ्या पडद्यात गेला.

1993 सालची उन्हाळ्याची सुट्टी होती. मी सातवीची परीक्षा दिली होती, माझ्या मामेबहिणीने दहावीची. मामाने सुताच्या हिशेबासाठी कॉम्प्युटर घेतला होता आणि तो बसवून द्यायला आलेल्या माणसाने जाताना पोरांसाठी म्हणून दोन-तीन फ्लॉप्या ठेवल्या होत्या. त्यातल्या एकीवर 'स्पेस क्वेस्ट'चा पहिला भाग होता. आम्हाला तेव्हा त्याचं नावही धड माहीत नव्हतं. ताई त्याला 'झाडूवाल्याचा गेम' म्हणायची.

नाव बरोबरच होतं. आर्काडा नावाचं एक संशोधन जहाज अंतराळात फिरतंय, त्यावर सारियन नावाचे हल्लेखोर चढतात आणि जहाजावरच्या माणसांना मारून टाकतात. वाचतो तो फक्त सफाई कामगार, कारण तो झाडू-पोछा ठेवायच्या कोठडीत झोपलेला असतो. ना कप्तान, ना शास्त्रज्ञ, ना सैनिक. पुढची सगळी गोष्ट त्याच्या अंगावर पडते. मार्क क्रो आणि स्कॉट मर्फी या दोघांनी हा खेळ रचला आणि कॅलिफोर्नियातल्या ओकहर्स्ट नावाच्या डोंगराळ गावातून सिएरा ऑन-लाइन या कंपनीने 1986 मध्ये तो बाजारात आणला. हे सगळं मला फार नंतर कळलं. तेव्हा दिसत होता तो एवढाच: जांभळ्या-करड्या बोळातून चालणारा चार बोटांएवढा माणूस, आणि पडद्याच्या तळाशी लुकलुकणारी एक रिकामी ओळ.

त्या ओळीत लिहायचं. बाणांच्या कळा दाबून माणूस चालवता यायचा, पण बाकी जे काही करायचं ते शब्दांत सांगायचं. बघ. दार उघड. काच उचल. आणि सांगायचं इंग्रजीत.

मराठी शाळांत तेव्हा इंग्रजी पाचवीपासून होतं. म्हणजे माझ्याकडे तीन वर्षांचं इंग्रजी होतं. 'टेक', 'गिव्ह', 'ओपन', 'सिट डाउन'. ताईकडे सहा वर्षांचं, शिवाय मामाच्या कपाटातला जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश. कीबोर्ड माझ्याकडे, शब्दकोश तिच्या मांडीवर. मी ओरडायचे, 'ताई, हे भिंतीवरचं काय आहे?' ती पानं उलटायची. त्यात उलटीच अडचण होती, कारण इंग्रजीवरून मराठी शोधायचा कोश तो, आणि आम्हाला हवं होतं मराठीवरून इंग्रजी. म्हणून ती आधी अंदाजाने एक इंग्रजी शब्द धरायची, त्याचा अर्थ बघायची, तिथून शेजारच्या शब्दावर जायची.

आणि या सगळ्यात वेळ थांबत नसे. सिएराच्या त्या काळच्या खेळांत तुम्ही टाइप करत असताना जग चालूच राहायचं. (पुढच्या पिढीच्या खेळांत टाइप करायला लागलं की एक चौकट उघडायची आणि सगळं गोठायचं, ती दया पहिल्या पिढीत नव्हती.) बोळाच्या टोकातून सारियन आला की त्याची बंदूक रोखली जायच्या आत तुमचा शब्द पुरा व्हायला हवा. माझी बोटं अक्षर शोधत फिरायची, ताई स्पेलिंग सांगायची आणि खाली माग धडधडत असायचे.

एका जागी आम्ही सलग चार दिवस अडकलो. जहाज फुटण्याआधी निसटून जायचं छोटं यान आम्ही मिळवलं होतं. आत बसलो, दार लावलं, बटण दाबलं, दांडा ओढला. मेलो. पुन्हा केलं, पुन्हा मेलो. मामाला विचारलं, तो म्हणाला, यंत्रातच काहीतरी बिघाड असेल. शेवटी चौथ्या दिवशी आम्ही आत बसून नुसतं 'बघ' म्हटलं आणि समोर आलेल्या मजकुरातला एकेक शब्द ताईने कोशात शोधला. त्यात पट्टा सापडला. सीटचा पट्टा. तो बांधायचा असतो.

आम्ही दोघींनी तोवर आयुष्यात गाडीतला पट्टा पाहिला नव्हता. मामाची मेटॅडोर होती, तिच्यात मागे सुताच्या गाठी आणि गाठींवर आम्ही. त्यामुळे पट्टा हा प्रश्नाचा भाग असू शकतो हे सुचायलाच जागा नव्हती. आणि सापडल्यावरही 'बांधणे' कसं म्हणायचं? 'टाय' म्हटलं, नाही कळलं त्याला. ताईने कोशातून 'फास्टन' काढला, आम्ही दोघी त्यातला 'ट' अगदी ठसठशीत उच्चारत होतो. मी तो शब्द टाइप केला आणि दांडा ओढला. यान सुटलं. मामी जिन्यातून वर आली, काय झालं म्हणून.

ते पट्ट्याचे चार दिवस माझ्यात का राहिले, हे समजायला मला बरीच वर्षं लागली. पट्टा चित्रात असूनही आमच्यासाठी नव्हता. नाव कळलं त्या क्षणी तो झाला. टाइप करायच्या खेळाचं हे खास आहे आणि मला ते इतर कुठल्याच खेळात सापडलेलं नाही: वस्तू नुसती दिसून भागत नाही, तिचं नाव घ्यावं लागतं. नाव घेतल्याशिवाय ती हाती येत नाही.

या परंपरेचं मूळही तसं घरगुतीच. 1976 च्या सुमाराला विल क्राउदर या अमेरिकन प्रोग्रॅमरने आपल्या दोन मुलींसाठी एक खेळ लिहिला. त्याला गुहांमध्ये उतरायचा नाद होता, केंटकीतल्या मॅमथ केव्हचा काही भाग त्याने स्वतः मापला होता. तीच गुहा त्याने शब्दांत उतरवली आणि मुलींना कॉम्प्युटरची भाषा शिकायला लागू नये म्हणून साध्या इंग्रजीत दोन शब्द लिहिले की पुरेल अशी सोय केली. क्रियापद आणि नाम. चित्र एकही नाही. सिएराच्या केन आणि रोबर्टा विल्यम्स यांनी 1980 मध्ये अशाच खेळाला रेघोट्यांची चित्रं जोडली, 1984 मध्ये त्या चित्रांत चालणारा माणूस आणला, आणि ती शब्दांची ओळ मात्र तशीच ठेवली.

मग माउस आला. 1991 मध्ये 'स्पेस क्वेस्ट'चा चौथा भाग आला तो टिचकी मारायचा. त्याच वर्षी पहिला भागही नव्याने रंगवून काढला, 256 रंगांत, शब्दांची ओळ काढून टाकून. तो सुंदर दिसतो, हे मी मान्य करते. पण पट्ट्यावर बाण नेऊन टिचकी मारायची असेल तर त्या चार दिवसांचं काय उरतं? पडद्यावर वीस गोष्टी आहेत, वीस वेळा टिचकी मारा, एक लागेल. तिथे खेळणाऱ्याला काही सुचावं लागत नाही. काही जण म्हणतात की शब्दांचे खेळ छळायचे, बरोबर शब्द सापडेपर्यंत डोकं फुटायचं. छळायचे खरे. तरी तो छळ मी परत घेईन.

सिएराचं ओकहर्स्टचं कार्यालय 22 फेब्रुवारी 1999 रोजी बंद झालं. कंपनी त्याआधी तीन वर्षं दुसऱ्यांच्या हातात गेली होती. 'स्पेस क्वेस्ट'चा सातवा भाग घाटत होता, तोही राहिला. त्या मालिकेचे हक्क पुढे व्हिवेंडीकडे, तिथून ॲक्टिव्हिजनकडे आणि 2023 पासून मायक्रोसॉफ्टकडे असे फिरत राहिले. सफाई कामगार मात्र कोणी जागा केला नाही. ते काम चाहत्यांनी केलं.

मला ते कळलं 2005 मध्ये, पुण्यात, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. रात्री उशिरा काहीतरी शोधताना 'स्पेस क्वेस्ट झीरो: रेप्लिकेटेड' हे नाव समोर आलं. 2003 मध्ये एका चाहत्याने केलेला, फुकट वाटलेला खेळ. पहिल्या भागाच्या आधीची गोष्ट. मी उतरवून घेतला, चालू केला, आणि पडद्याच्या तळाशी ती रिकामी ओळ लुकलुकली.

2003 मध्ये! तोपर्यंत साध्या घरगुती कॉम्प्युटरवर लाखो रंग दिसत होते, आवाजात ऑर्केस्ट्रा वाजत होता. आणि या माणसाने सोळा रंग घेतले. चित्राची रुंदी 160 ठिपके, उंची 168. संगीताला तीन सूर आणि एक खरखर. त्याला दुसरं काही जमत नव्हतं म्हणून हे झालेलं नाही. सिएराचं जे जुनं यंत्र होतं, म्हणजे खेळ चालवणारा प्रोग्रॅम, एजीआय नावाचं, ज्याच्यावर मूळचे पहिले दोन भाग चालायचे, त्याच यंत्रावर त्याने नवा खेळ बसवला. 1990 च्या दशकाच्या शेवटी काही हौशी लोकांनी त्या यंत्राच्या फायली उकलून, एकेका बाइटचा अर्थ लावून, ते आतून कसं चालतं हे शोधून काढलं होतं. त्यावरून 'एजीआय स्टुडिओ' नावाचं साधन तयार झालं. सिएराने कधी बाहेर दिली नाही ती अवजारं चाहत्यांनी स्वतः घडवली, आणि मग त्या अवजारांनी खेळ केले. आजही ते खेळ चालतात, स्कमव्हीएम नावाच्या मोफत प्रोग्रॅमवर. त्यात एजीआयचा जो भाग आहे तो आधी वेगळा प्रकल्प होता आणि त्याचं नाव होतं 'सारियन'. ज्यांनी आर्काडा उद्ध्वस्त केलं त्यांच्याच नावाने ते जपलं गेलं.

मी त्या आठवड्यात रोज रात्री खेळले. नंतर एजीआय स्टुडिओ उतरवला आणि आत डोकावले. पुढच्या दोन परिच्छेदांत मी थोडी रेंगाळणार आहे, कारण इतकं सुंदर काही मी नोकरीत पाहिलेलं नाही.

एजीआयमध्ये प्रत्येक खोलीचं चित्र दोनदा काढतात. एक आपल्याला दिसतं. दुसरं कधीच दिसत नाही. त्यात तेच सोळा रंग आहेत, पण ते रंग नसून अर्थ आहेत. काळी रेघ म्हणजे इथून पुढे जाता येणार नाही. हिरवी म्हणजे इथे पाऊल पडलं की काहीतरी घडू दे. एक हिरवट निळा म्हणजे पाणी. उरलेले बहुतेक रंग म्हणजे जवळ-लांब: खडक कुठल्या रंगात भरलाय त्यावरून माणूस त्याच्या पुढून जाईल की मागून, हे ठरतं. आणि ही चित्रं चित्र म्हणून साठवलेलीही नसतात. इथून तिथवर रेघ ओढ, इथे रंग ओत, असे हुकूम साठवलेले असतात आणि खोलीत शिरताना यंत्र ते चित्र दरवेळी नव्याने काढतं. लहानपणी मी ज्या बोळातून हजारदा गेले तो बोळ हजारदा माझ्यासाठी काढला गेला होता.

दुसरी गोष्ट शब्दांची. खेळाला माहीत असलेले सगळे शब्द एका फायलीत असतात आणि प्रत्येक शब्दाला गटाचा क्रमांक असतो. एका अर्थाचे शब्द एका गटात. 'ए', 'द' असले शब्द शून्य गटात, म्हणजे दुर्लक्ष करायचे. तुम्ही वाक्य लिहिलं की यंत्र शब्द टाकून क्रमांक घेतं, आणि त्या खोलीच्या नियमांत बघतं: या क्रमांकांची ही ओळ इथे अपेक्षित आहे का? असेल तर उत्तर. नसेल तर 'कळलं नाही'. एवढंच. यंत्राला भाषा येत नाही. 'टाय' आणि 'फास्टन' एकाच गटात ठेवायचं का, हे माणूस ठरवतो, तेही वर्षानुवर्षं आधी, खेळणारा कोण असेल हे माहीत नसताना.

म्हणून मला चाहत्याने केलेल्या खेळाची कसोटी त्याच्या कोड्यांत दिसत नाही, या फालतू वाटणाऱ्या शब्दांत दिसते. गोष्टीला ज्याची गरज नाही ते तुम्ही टाइप करता. भिंत चाट. मेलेल्या माणसाशी बोल. झोप. आणि समोरून उत्तर येतं, नीट लिहिलेलं, त्या जागेपुरतं. म्हणजे कोणीतरी आधी इथे उभं राहून विचार केला होता, की उद्या एखादीला इथे झोपावंसं वाटेल. पैसे नाहीत, नाव होण्याची शक्यता नाही, शिवाय हक्क दुसऱ्याचे, म्हणजे कधी वकिलाचं पत्र येईल याची धास्ती. ती खरीही होती: सिएराच्या दुसऱ्या एका मालिकेवर चाहते मोठा खेळ करत होते, त्यांना 2005 मध्ये आणि पुन्हा 2010 मध्ये काम थांबवायला सांगितलं गेलं, दोन्ही वेळा चाहत्यांच्या आग्रहानंतर परवानगी मिळाली. अशा परिस्थितीत बसून कोणी भिंत चाटण्याचं उत्तर लिहितं.

सिएराचं मूळ यंत्र लिहिणाऱ्यांशीही शेवटी भेट झाली, फार विचित्र वाटेने. 'स्पेस क्वेस्ट'च्या दुसऱ्या भागाच्या एका 720 केबीच्या फ्लॉपीवर, रिकाम्या समजल्या जाणाऱ्या जागेत, एजीआय यंत्राच्या मूळ प्रोग्रॅमचा बराचसा भाग पडून होता. कंपनीत कोणीतरी कामाच्या फायली पुसलेल्या डिस्कवरून विक्रीची प्रत काढली असणार. फायलींची नावं पुसली गेली, पण मजकूर जागेवरच राहिला आणि तसाच दुकानांत गेला. जवळजवळ तीस वर्षं ते कोणाच्या लक्षात आलं नाही. ज्यांनी ते यंत्र बाहेरून ठोकून-बजावून समजून घेतलं होतं, त्यांच्यातल्याच एकाला ते सापडलं. ते वाचताना मला मामाच्या कपाटातल्या फ्लॉप्या आठवल्या. त्या कधीच रद्दीत गेल्या.

गेल्या वर्षी मी एक खोली केली. एकच. एजीआयमध्ये, मराठीत.

मराठी म्हणजे रोमन अक्षरांत, कारण त्या शब्दांच्या फायलीला देवनागरी झेपत नाही. पण एक गंमत लगेच लक्षात आली: यंत्राला क्रियापद आधी हवं असा आग्रहच नाही. त्याला फक्त क्रमांकांची ओळ हवी. 'किल्ली घे' त्याने एका झटक्यात घेतलं, नाम आधी, क्रियापद शेवटी, आपण बोलतो तसं. 1980 च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या डोंगरात घडवलेलं यंत्र कुरकुर न करता मराठी वाक्यरचनेत बसलं.

विभक्तीने मात्र दमवलं. इंग्रजीत 'डोअर' हा शब्द कुठेही गेला तरी 'डोअर'च राहतो. आपल्याकडे दार, दाराला, दाराचा, दारात, दारातून. सगळे एका गटात टाकले तर 'दारात बघ' आणि 'दाराला बघ' यातला फरक मेला. वेगळे ठेवले तर एका दाराचे पाच गट. किल्लीचं तसंच, 'किल्लीने' ला वेगळा गट दिला, कारण साधन म्हणून ती वेगळीच वस्तू असते. पुन्हा 'किल्लीने दार उघड' आणि 'दार किल्लीने उघड' या दोन्ही ओळी लिहायच्या, कारण दोन्ही बरोबर आहेत. त्यात 'चावी' म्हणणारे वेगळे. मग 'बघ' आणि 'बघा'. मामा यंत्रासमोर बसला असता तर त्याने नक्की 'बघा' लिहिलं असतं, तो लिफ्टलाही अहो म्हणतो. दोन्ही रूपं घातली.

खोली म्हणजे अर्थातच कोठडी, सफाईचं सामान ठेवायची, अंतराळातल्या जहाजावरची. आणि त्यात केरसुणी. त्या गटात मी झाडू टाकला, केरसुणी टाकली, खराटा टाकला, कोकणातली वाढवण, मराठवाड्यातली शिरई. पाचही शब्द एका क्रमांकावर. समाधानाने ताईला फोन लावला, ती इचलकरंजीलाच होती, मामीकडे.

मी यादी वाचून दाखवली. मागून मामीचा आवाज आला. 'खराटा आणि केरसुणी एक कशी गं? खराट्याने अंगण झाडतात. घरात कोणी खराटा आणतं होय?'

तिचं बरोबर होतं. मी खराट्याला वेगळा क्रमांक दिला. कोठडीत कोणी 'खराटा घे' म्हटलं तर आता उत्तर येतं, की खराटा इथे नाही, तो अंगणात असतो, आणि या जहाजाला अंगण नाही. ते वाक्य मी लिहिलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. खोलीतली ती सगळ्यात चांगली ओळ आहे, आणि ती मामीची आहे.

दिवाळीत मी लॅपटॉप घेऊन इचलकरंजीला गेले. ताई बसली, या वेळी कीबोर्ड तिच्याकडे. मी शेजारी हात बांधून. तिने 'बघ' लिहिलं. वाचलं. 'केरसुणी घे' लिहिलं. घेतली. 'झोप' लिहिलं, उत्तर आलं, ती माझ्याकडे बघून हसली, कारण ते उत्तर तिच्यासाठीच लिहिलेलं होतं. मग तिने सामान पाडलं, बादली पालथी घातली, केरसुणी खाली ठेवली, आणि कोठडी इतकी अरुंद काढलेली असल्यामुळे तो छोटा माणूस पुढे सरकला तो थेट तिच्यावरून चालत गेला.

ताई थांबली. देवघरापाशी आदल्याच संध्याकाळी लक्ष्मीपूजनात ठेवलेली नवी केरसुणी अजून होती, हळदीकुंकवासकट. तिने हळूहळू, एकेक अक्षर शोधत, टाइप केलं: केरसुणीच्या पाया पड.

'कळलं नाही,' यंत्र म्हणालं.

'तुला नाही सुचलं होय?' ताई म्हणाली.

'नाही.'

'मग लिही. मी थांबते.' तिने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि चहा टाकायला उठली. खाली माग चालू होते. मी शब्दांची फाइल उघडली, 'पाया' साठी नवा क्रमांक घेतला, 'पड' साठी दुसरा, 'नमस्कार कर' सुद्धा घातलं, आणि उत्तर काय लिहायचं याचा विचार करू लागले.